वीणा, पार्सल आणि सदाचं नाक

या, असे लांब खांबाला टेकून बसू नका. सतरंजी मोकळी आहे, पुढं सरका. बुवा अजून फेटा बांधतायत, पखवाजाला कणीक लावायची आहे, म्हणजे कीर्तन उभं राहायला चांगला अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हाला आमच्या चिंचखारच्या काळूराम घरतची गोष्ट सांगतो. गोष्ट गोड आहे. इतकी गोड, की तिला मुंग्या लागल्या होत्या.

तुम्ही बाहेरगावचे, म्हणून आधी रीत सांगतो. सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकत नाही. दिवस असो, रात्र असो, ती कुणाच्या तरी गळ्यात असते, आणि ज्याच्या गळ्यात असते तो उभा असतो. पहारा संपला की त्यानं ती पुढच्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पाया पडायचं आणि मगच घर गाठायचं. येणारा-जाणारा आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मग देवाच्या. हे सगळीकडचंच झालं. आमच्या गावात त्यावर आणखी एक नियम आहे. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला ज्याच्या गळ्यात वीणा, पुढच्या वर्षीच्या काल्याचा मान त्याच्याच घराला. मधेच दुसऱ्याकडे दिली, तर मानही त्याच्याबरोबर गेला.

हा मान काळूरामच्या घरात त्याच्या आजापासून. आजा मिठागरात राबायचा, पण काल्याला आला की खांब रोवल्यासारखा उभा. बापही तसाच. काळूरामनं पुढं न्हावा शेव्याला ट्रेलर चालवला, आता ट्रेलरवर पोरगा बसतो आणि काळूराम देवळात उभा राहतो.

आणि त्याच्या घराला भिंत लावून राहतो त्याचा चुलतभाऊ सदा. सदा मिनीडोअर, म्हणजे सहा सिटांची रिक्षा चालवतो, अलिबाग ते चिंचखार. माणूस वाईट नाही, पण खाडीतला बगळा जसा एका पायावर उभा राहून चिखलातली निवटी मासळी कधी डोकं वर काढते ते बघत असतो, तसा सदा वर्षानुवर्षं काल्याला काळूरामच्या शेजारी उभा. खांदा रिकामा ठेवून.

गेल्या चैत्रात सप्ताहाच्या बैठकीला काळूराम उठला आणि म्हणाला, "यंदा माझ्या पहाऱ्यात मी पान्याचा थेंब घेनार नाय आनि जागचा हलनार नाय. लिवून ठेवा."

मागून त्याची बायको जनी म्हणाली, "काय पन लिवू नका. ह्यो मानूस काल ताटावरून दोनदा उठला."

बैठक हसली. काळूराम हसला नाही. ही त्याची दुखरी नस होती. कारण शिमग्यापासून काळूराम बसला की उठत होता आणि उठला की त्या एकाच कामाला जात होता. रात्री तर जनी म्हणायची, "दाराची कडी काढूनच ठेवते, नायतर बिजागरी झिजंल."

आता माणूस देवभोळा असला की त्याला एक सोय असते. अंगात काहीही झालं, तरी त्याचं कारण देवाकडे सापडतं. काळूरामला तहान लागायची, घसा खारजमिनीसारखा कोरडा पडायचा. तो म्हणायचा, भजनानं घसा सुकतो. सदरे अंगात खुंटीवर टांगल्यासारखे लोंबायला लागले. तो म्हणायचा, एकादशीचं फळ. एकादशीला हा गडी परातभर साबुदाणा, वर उकडलेली रताळी आणि त्यावर केळ्यांची फणी संपवायचा, ते सोडा. तळपायाला मुंग्या यायच्या. तो म्हणायचा, नाम अंगात भिनलं. खाडीवर कालवाचं शिंपलं टाचेला लागलं होतं, ती जखम महिना उलटला तरी ओली. तो म्हणायचा, देव परीक्षा बघतो.

एका संध्याकाळी तर त्यानं जनीचा हात धरला. "गो जने, मला मारुतीच्या मागं तेज दिसतंय. समईच्या ज्योतीला सात पदर दिसतात. माझं काय तरी होनार."

"चष्मा पुसा," जनी म्हणाली.

सून कल्पिता मात्र हसत नव्हती. तिचं माहेर रेवदंड्याचं. तिच्या आईला साखर निघाली तेव्हा आईनंही आधी असंच सगळं देवावर आणि हवेवर ढकललं होतं. ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, एकदा रक्त तपासून घेऊ. बोटाला एवढीशी टोचणी."

"मी काय आजारी हाय? आजारी मानूस जेवत नाय. मला बघ, किती भूक लागते."

"तेच तर म्हणतेय."

"सप्ताह झाला की बघू."

कल्पिता गप्प बसली. गप्प बसलेल्या सुनेच्या हातात आजकाल मोबाइल असतो. तिनं साखर तपासायचं यंत्र ऑनलाइन मागवलं, आणि सासरा पार्सल परत पाठवणार नाही म्हणून वर त्याचंच नाव घातलं. हे तेवढं ध्यानात ठेवा.

सप्ताह बसला. काळूरामचा पहारा दुपारचा. चैत्रातली दुपार, मांडवाचे पत्रे तापलेले. पाण्याचा थेंब न घेण्याची प्रतिज्ञा सगळ्या गावासमोर केलेली. मग त्यानं वाट काढली. थेंब पाण्याचा घ्यायचा नव्हता ना? देवळामागं, पंपाच्या खोलीपलीकडं सुरूची झाडं आहेत. तिथं झुडपात त्यानं कोकम सरबताची मोठी बाटली दडवून ठेवली. घरचं सरबत, आगळ कमी आणि साखर जास्त. अंगात शक्ती राहावी म्हणून वर गुळाचा खडा. शक्ती अशी, की जितकं पीत होता तितकी तहान वाढत होती, आणि जितकी तहान वाढत होती तितक्या सुरूच्या झाडांकडं खेपा.

पण वीणा गळ्यात असताना खेप घालायची कशी? ती तिकडे न्यायची नाही, खाली ठेवायची नाही. पहिले काही दिवस तो कुणाला तरी डोळ्यानं खुणावायचा आणि "जरा धर" म्हणायचा. हळूहळू लोक त्याची नजर चुकवायला लागले. कारण काळूरामचं "जरा" म्हणजे सरबत धरून अर्धा तास. दुपारी वीणेजवळ माणूस फिरकेना. ज्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची, तिथं काळूराम आणि मारुती दोघंच.

काल्याच्या आदल्या दिवशी तो असाच उभा होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. बाहेरून एखाद्याला वाटावं, काय रंगलाय नामात. आत काय चाललं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. मारुतीराया, समुद्र ओलांडलास, माझी ही एवढी वेळ निभाव. आणि तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी एक मोटारसायकल थांबली.

गडी तिशीतला, पाठीवर भलीमोठी पिशवी, डोक्यावर हेल्मेट. त्याचं नाव प्रणय. मूळ तळा गावचा, अलिबागला कुरिअरच्या नोकरीला. घराला कुलूप, सगळे देवळात, म्हणून बिचारा विचारत विचारत इथं आला होता.

"काळूराम घरत कोण?"

काळूरामला नाव ऐकू आलं नाही, पार्सल दिसलं नाही. त्याला दिसले फक्त दोन खांदे.

"मीच. हिकडं ये. चपला काढ."

प्रणयनं चपला काढल्या. "काका, पार्सल आहे, ओटीपी..."

"आंघोळ केलीस ना?"

"केली, पण..."

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. वीणा त्याच्या गळ्यात पडली होती. काळूराम त्याच्या पायाला हात लावून मांडवाबाहेर गेलाही होता. धोतराचा सोगा तेवढा पंपाच्या खोलीमागं दिसेनासा होताना दिसला.

"काका," प्रणय ओरडला, "मी काल कोळंबी खाल्लीय हो."



आता हा मुलगा लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला गेलेला. वीणा खाली टेकत नाही एवढं त्याला पक्कं माहीत. म्हणून तो उभा राहिला. हेल्मेट काढायचं तर हात मोकळा नाही; एका हातात वीणा, दुसऱ्यानं तार छेडायची. पाठीवर पिशवी, पिशवीत अर्ध्या तालुक्याची पार्सलं. खिशात मोबाइल वाजायला लागला. चौथ्यांदा वाजल्यावर त्यानं तार सोडून तो काढला आणि कसाबसा हेल्मेटच्या फटीत सरकवला.

"हो मॅडम, तुमचंच घेऊन निघालोय. नाही, येता येत नाही. देवळात आहे. गळ्यात वीणा आहे. मॅडम, थट्टा नाही करत. ऐका," आणि त्यानं त्यांना तार ऐकवली.

दुपार कलली, तशा बाया दर्शनाला यायला लागल्या. रीतीप्रमाणे आधी वीणेकऱ्याच्या पाया पडल्या. कुणी त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली, कुणी हेल्मेटवर बुक्का लावला. एक म्हातारी घरी जाऊन सांगत सुटली, की मुंबईकडचे कुणी महाराज आलेत, तोंड दाखवत नाहीत, काच लावून असतात, फार अधिकारी पुरुष आहेत. झालं. ऐकून दर्शनाला रांग लागली.

आणि काळूराम? त्यानं काम उरकलं, सरबत प्यायलं, परत निघाला, पंपाच्या खोलीपाशी आला आणि पुन्हा मागं वळला. असं तीनदा झालं. नंतर अंगातली ताकदच गेली, म्हणून तो जरा सुरूच्या बुंध्याशी बसला. डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर सदा उभा होता.

सदानं सगळं पाहिलं होतं. रोजच्या खेपा, झुडूप, झुडपातली लाल बाटली. आता तो खाली वाकला, काळूरामच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि झटकन मागं झाला.

"काळू, तुझ्या तोंडाला वास येतोय."

"कसला?"

"फुटलेल्या फनसाचा. दुपारी उतरलेल्या ताडीचा." सदाचा आवाज एकदम खाली आला. "गळ्यात तुळशीची माळ घालून, सप्ताहात. सोड, मला बोलायला पन लाज वाटते."

लाज वाटली तरी सदा बोलला. सगळ्या गावाला बोलला. हरिपाठाला लोक जमले होते तिथं, मांडवाच्या मधोमध. काळूरामला दोघांनी दंडाला धरून आणलं होतं.

आता हसू नका. माळकऱ्यावर दारूचा आळ ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. माळ उतरते. ज्या घरानं तीन पिढ्या वीणा धरली, त्या घराला देवळाच्या पायरीवर मान खाली घालून उभं राहावं लागतं. काळूरामच्या तोंडचं पाणी पळालं, होतं नव्हतं तेवढं.

जनी पुढं आली. "माझा नवरा पित नाय. लगनाला उभा राहिला तवा पन प्यायला नव्हता, आनि तेवा तर सगळी वरात पिली होती. तू पन, सदाभाऊ."

"वास घे, वहिनी. मग बोल."

जनीनं वास घेतला. तिचा चेहरा पडला. "येतोय खरा," ती हळू म्हणाली. "गोड येतोय. दोन दिवस झाले. मला वाटलं, शिकरन खाल्ली असंल."

"बघा, घरचाच साक्षीदार," सदा म्हणाला.

काळूराम म्हणाला, "वीणेला हात लावून सांगतो." आणि त्यानं वीणेकडं हात केला. तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं, की वीणा कुणाच्या गळ्यात आहे.

"ह्यो कोन?"

"कुरिअर," हेल्मेटमधून आवाज आला. "कुणीतरी सोडवा हो. मला अजून नागावपर्यंत जायचंय."

पण त्याला सोडवणार कोण? पुढच्या पहाऱ्याचा माणूस काळूरामचा न्याय बघत उभा होता. काळूरामनं वीणेला हात लावला, "दारूचा थेंब घेतला असंल तर ही जीभ झडो," म्हणाला, आणि लगेच पोटाखाली हात धरून म्हणाला, "मला जायला हवं."

"पळतोय," सदा म्हणाला.

"पळत नाय. या तुमी संगती. सगळे या. बाटली पन हुंगा."

मग देवळामागं अशी मिरवणूक निघाली, की पालखीलाही माणसं कमी असतील. बाटली सापडली, हुंगली, चाखली. कोकम. सदानं दुसऱ्यांदा चाखलं. कोकमच. तो गोंधळला. "मग तोंडाला वास कसला?" आणि त्यानं खाली पाहिलं. काळूराम रोज जिथं जायचा त्या जागेवर, पंपाच्या खोलीच्या भिंतीपासून सुरूच्या बुंध्यापर्यंत, मुंग्यांची काळी रांग लागली होती. एखाद्या लग्नघराच्या मागच्या दारी असावी तशी.

"सरबत सांडलं असंल," कुणीतरी म्हणालं.

"सरबत तिकडं झुडपात. मुंग्या हिकडं," सदा म्हणाला. भांडण उकरायला आलेला माणूस, पण बघणं मात्र नीट.

गलका ऐकून कीर्तनकार बुवा आले. नागावचे बुवा. नारळाची वाडी राखून आहेत, पर्यटकांना दोन खोल्या देतात, आणि सप्ताह आला की खोल्यांना कुलूप लावून कीर्तनाला बाहेर पडतात. त्यांची एक सवय आम्हाला खटकायची. देवळातही पायातले मोजे काढायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, पर्यटकांची हवा लागली.

बुवांनी मुंग्या पाहिल्या. काळूरामच्या गळ्याच्या हाडांकडं पाहिलं, सुकलेल्या ओठांकडं, टाचेच्या हळद भरलेल्या जखमेकडं. त्याच्या तोंडाजवळ वाकले आणि ताठ झाले.

"ह्याची माळ शाबूत आहे," ते म्हणाले. "रक्त बघा ह्याचं. आत्ता. साखर तपासायचं यंत्र आहे का गावात कुणाकडे? माझं घरी राहिलंय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गावात मोटारसायकली चौदा, डीजे दोन, यंत्र एकाकडं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मांडवातून कल्पिता धावत आली, दोन्ही हात कणकेनं भरलेले. "मागवलंय मी. आजच येणार होतं. अजून आलं कसं नाही?"

मांडवातून, लांबून, हेल्मेटमधून आवाज आला. "काळूराम घरत ना? मी दुपारपासून तेच देतोय."

मंडळी, देवाची लीला म्हणतात ती ही. औषध दारात आलं होतं आणि आमच्या भक्तानं त्याच्याच गळ्यात वीणा अडकवून त्याला खिळवून ठेवलं होतं. सगळे मांडवात परतले. बुवांनी प्रणयच्या पाठीवरच्या पिशवीत हात घातला.

"ओटीपीशिवाय देता येत नाही," प्रणय म्हणाला.

"अरे लेका, मानूस मरतोय," सदा ओरडला.

"काका, नियम आहे. वीणेचा तुमचा, पार्सलचा आमचा."

कल्पितानं कणकेच्या बोटांनी मोबाइल उघडला, आकडे सांगितले, खोकं फुटलं. आता टोचणी. ज्या हातानं बोरघाटात चाळीस फुटी ट्रेलर उतरवला, तो हात काळूरामनं पाठीमागं लपवला. शेवटी सदानंच तो ओढून धरला. टोचलं. थेंब आला. यंत्र विचार करायला लागलं, आणि सगळा मांडव त्याच्यावर वाकला.

"चारशे बासष्ट," कल्पिता म्हणाली आणि खालीच बसली.

काळूरामचा चेहरा जरा उजळला. "कितीपैकी?"

"बाबा, जेवल्यावरसुद्धा एकशे चाळीसच्या आत हवी."

"म्हंजे ह्यो पैला आला," सदा म्हणाला. पण हसला नाही.

बुवा म्हणाले, "अलिबागला न्या. आत्ताच्या आत्ता. वास येतोय तो साखरेचा नाही, शरीर आतून स्वतःलाच जाळायला लागलंय, त्याचा आहे. रक्तात साखर एवढी, पण ती अंगी लागत नाही. म्हणून हा खातोय आणि वाळतोय."

काळूरामनं खांबाला मिठी मारली. "उद्या काला हाय, बुवा. काला झाला की डायरेक जातो. शप्पथ. आज्यापासूनची वीणा हाय. मी गेलो तर ती ह्या सद्याच्या घरात जानार."

 खरंच होतं ते. त्याच्या घराचा मान त्या एका उद्यावर टांगला होता, आणि आम्हा सगळ्यांनाही आतून वाटत होतं, एक दिवसानं काय बिघडतं?

बुवा पायरीवर बसले. त्यांनी उजव्या पायाचा मोजा काढला. पायाला दोन बोटं कमी होती.

"माझंही असंच," ते म्हणाले. "काटा रुतला होता. चातुर्मास झाला की दाखवतो म्हणालो. लोकांना वाटतं, मी तपश्चर्या केली. मी फक्त चालढकल केली. काळूराम, वीणा मोडली तर आपण पैठणीच्या मोलानं नवी आणू. तुझा पाय कुठं मिळतो, ते मी अजून शोधतोय."

काळूरामचा हात खांबावरून सुटला.

आता न्यायचं कशातून? पोरगा ट्रेलर घेऊन बंदरावर. सगळ्यांच्या नजरा सदाकडं वळल्या. देवळासमोर त्याची मिनीडोअर उभी होती. आणि सदा वीणेकडं बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काळूरामचा खांदा रिकामा झाला होता. बगळ्यासमोर निवटी आली होती.

त्यानं खिशातून चावी काढली. "चल, बस," म्हणाला. "फुडं बस. मागं वारा लागंल."

वाटेत काळूराम एकदा पुटपुटला, "सद्या, मला सोडून तू माघारी जा. काला गाठशील."

"गप बस. तोंड तिकडं कर. वास येतोय."

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, इन्शुलिन दिलं, टाचेची जखम धुतली. मग विचारलं, "हे लवकर कुणाच्या लक्षात आलं? अजून एक दिवस गेला असता, तर बेशुद्ध होऊनच आणावं लागलं असतं. कदाचित तेही नाही."

काळूरामनं कोपऱ्याकडं बोट केलं. "ह्याच्या नाकाच्या."

सदा खाली बघायला लागला. "मी वायट मनानं हुंगलं होतं, बाई."

"मन कसंही असू दे, नाक चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "या इकडे, तुमचीही बघते. एकाच घराण्यातले ना?"

सदाची निघाली काठावरची. औषध नको, पण भात आवरा, गोड आवरा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत दाखवा. पलंगावरून काळूरामनं सलाइनसकट मान वर केली.

"कितीपैकी?"

दुसऱ्या दिवशी काल्याची वेळ झाली. दोन्ही हकदार अलिबागला, एक पलंगावर, एक पलंगाशेजारी. सदा हलला नाही. इकडं मांडवात मान कुणाला द्यावा यावर वाद पेटला आणि ज्याचा पहारा चालू होता त्याचे पाय लटपटायला लागले. तेवढ्यात प्रणय आला. आज पिशवी नव्हती. पांढरा सदरा, बरोबर बायको. "काका कसे आहेत, विचारायला आलो," म्हणाला. हेल्मेटवरचा बुक्का त्यानं पुसला नव्हता.

जनी उठली. तिनं कुणाला विचारलं नाही. "काल माझ्या मानसाचा पहारा ह्यानं राखला," ती म्हणाली. "सोडून पळाला असता तर कोन काय बोलनार होतं? घाला त्याच्या गळ्यात."

घातली. कीर्तन रंगलं, हंडी फुटली, लाह्यांचा काला वाटला. आणि हात धुता धुता म्हाताऱ्या मंडळींना नियम आठवला. काल्याला ज्याच्या गळ्यात वीणा, पुढचा मान त्याच्या घराचा. म्हणजे चिंचखारच्या सप्ताहाचा मान डोंगर ओलांडून गेला तळ्याला, भाड्याच्या मोटारसायकलवर बसून.

म्हणून आज काल्याला बघा, तो समोर वीणा घेऊन उभा आहे ना, तोच प्रणय. हेल्मेट पायरीवर आहे. तुमचं पार्सल कुठं अडकलं ते त्याला आत्ता विचारू नका.

आणि त्या पुढच्या खांबापाशी मांडीला मांडी लावून बसलेत ते काळूराम आणि सदा. सकाळी दोघं खाडीच्या बांधावर चालतात, वीणेपेक्षा आता भांडण कुणाची साखर कमी यावर. काळूराम रोज रात्री जनीसमोर पाय पुढं करतो आणि ती चष्मा लावून तळवे बघते, म्हणते, "आयुष्यात पाया पडले नाय एवढे आता पाय बगते." काल्याचा प्रसाद तो चिमूटभरच घेतो. बुवांनी सांगितलंय, प्रसाद कणभर, प्रेम मणभर. इन्शुलिन सुटलं, गोळ्या आहेत. समईला एकच ज्योत दिसते, त्याचं जरा वाईट वाटतं म्हणतो. टाच भरली.

झाला बघा फेटा बांधून, उभे राहिले बुवा. आता बोलणं पुरे. टाळ वाजले की पहिलं नाव देवाचं घ्या, आणि दुसरी आठवण सदाच्या नाकाची ठेवा. त्याच्यामुळं आमचा काळूराम आज समोर बसलाय. आणि प्रसाद घेऊन निघताना सदाच्या शेजारून जाल, तेव्हा जरा श्वास सोडा. त्यानं नाक मुरडलं तर भांडू नका. मिनीडोअर बाहेरच उभी आहे.